वासराची राखण

माझी धाकटी बहीण गेली त्याला आता एक पावसाळा उलटला. तिच्याविषयी लिहायला बसलो की खाट आठवत नाही, औषधाच्या बाटल्याही आठवत नाहीत. गोठ्याच्या उंबऱ्यावर टेकून बसलेली ती आठवते, आणि मन निवतं.

लहानपणी सांधे धरून ताप आला होता. तो उतरताना तिच्या काळजात काहीतरी बिघडवून गेला. चार पायऱ्या चढली तरी धाप लागे, संध्याकाळी पाय सुजत. डॉक्टरांनी शाळा बंद केली, ओझं उचलू नको म्हणाले, दूध मात्र भरपूर प्यायला सांगितलं. त्यासाठी अप्पांनी गाय घेतली. त्याआधी तिची पंख मोडलेली साळुंकी सांभाळून झाली होती, परटाचं लंगडं गाढव तिच्याकडून हळद-तेल लावून घ्यायला आपणहून दारात येऊन उभं राहत होतं. गाय व्याली, गोऱ्हा झाला, आणि साळुंकी-गाढवं मागं पडली. आमच्या घरात माणसांशी मराठी बोलत आणि जनावरांशी कानडी. तिनं नुसतं ‘बा’, म्हणजे ‘ये’, म्हटलं की गोऱ्हा कान हलवत यायचा. तिच्या पेल्यातलं निम्मं दूध कुठं जातं, ते आईला, आमच्या अव्वाला, कधी कळलं नाही.

पण ती गिरणीच्या पहाटेच्या भोंग्याला उठून, थंडीत, बादली ओढत गोठ्यात जाऊ लागली. एकदा तिथंच धाप लागून बसली. अव्वानं ठरवलं, गोऱ्हा मामाच्या गावी, कुंभारीला जाणार. संक्रांतीला मामा जत्रेसाठी गाडी जुंपून आला तेव्हा त्याला तेच सांगितलं.

“बरं झालं,” मामा म्हणाला. “हितं शहरात गोऱ्हं काय करनार? आमच्याकडं औताला तरी लागंल.”

बहीण रडली नाही. म्हणाली, “मामा, त्यालाच विचारू या. भाकणूक करू.”

आमच्याकडे जत्रेत देवाच्या वासराची भाकणूक होते. वासराला दिवसभर उपाशी ठेवतात, मग त्याच्यापुढं धान्य, गूळ, गाजरं मांडतात. ते ज्याला तोंड लावील त्यावरून वर्षाचं भविष्य सांगतात. मामाचा या गोष्टीवर पक्का विश्वास. तो लगेच तयार झाला. ठरलं असं, की मामाच्या शेतातल्या ज्वारीच्या हिरव्या ताटांना तोंड लावलं तर गोऱ्हा कुंभारीला जाणार. आमच्या घरच्या गुळाला लावलं तर राहणार. गूळ म्हणजे त्याचा जीव की प्राण, हे बहिणीला ठाऊक होतं, मलाही होतं. मी गप्प राहिलो.

त्याला काही खाऊ न देण्याची राखण तिच्याकडेच आली. जत्रेची गर्दी तिला झेपत नसे, घरी तीच राहणार होती. याहून मोठी चूक आम्ही करू शकलो नसतो.

दिवस कलताना आम्ही परतलो. अंगणात एका बाजूला ताटं ठेवली, दुसऱ्या बाजूला गूळ. गोऱ्हा सोडला. त्यानं ताटं हुंगली. गूळ हुंगला. मग मधोमध ऐसपैस बसला आणि डोळे अर्धे मिटून रवंथ करू लागला.

मामा वाकून बघत राहिला. “का गं पोरी, उपाशी जनावर रवंथ कशाचा करतंय?”

आत अव्वाचा आवाज चढला. “तिळाच्या भाकऱ्यांची दुरडी रिकामी कशी?”

“मामा, तो माझ्याकडं बघून हंबरत होता,” बहीण म्हणाली. “तुमच्या गाडीतून जायचं असेल तर जाऊ दे. पण उपाशी कशाला?”

“अगं, उपाशी राहिला असता तर गुळावरच गेला असता!” मी म्हणालो.

“माहीत होतं, अण्णा. पण नाही जमलं.”

मामानं पटका काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, “कशालाच त्वांड लावलं न्हाय. म्हंजी हाय त्ये हाय तितंच ऱ्हानार.”

“दादा, तू पण?” अव्वा म्हणाली. “तिनं खाऊ घातलं ना त्याला!”

“घातलं की. पर भाकणूक ती भाकणूक. मोडायची नसती.”

अप्पा इतके हसले की अव्वालाही हसू आलं. मामाची गाडी रिकामी गेली. बादल्या आणि शेण माझ्याकडे आलं. बहिणीनं फक्त उंबऱ्यावर बसायचं, असं अव्वानं बजावलं. मी काम उरकून पुस्तक घेऊन तिथंच बसू लागलो. मोठ्यानं वाचायचो, ती आणि गोऱ्हा ऐकायची. ती वर्षं सुखाची होती. आजार होताच, पण घरात तो एकटाच नव्हता.

ती गेल्यावर गोठ्याकडे बघवेना म्हणून अव्वानंच मामाला निरोप धाडला. तोवर गोऱ्ह्याचा खोंड झाला होता. मामा आला, गाडी दारात लावली, दावं सोडायला हात घातला आणि थांबला.

“ह्यानं खाल्लंय का?”

अव्वा आत गेली, भाकऱ्यांची दुरडी घेऊन आली आणि खोंडापुढं ठेवली. मामा गाडीच्या दांडीवर बसला. मी उंबऱ्यावर, तिच्या जागी बसलो. खोंड सावकाश खात होता. त्याचं होईपर्यंत आम्ही बसून राहिलो.