राजाच्या प्रवेशाचा पखवाज

नवऱ्याच्या दशावतारी कंपनीतल्या नाटकांना मी चाली लावायची आणि शहरातल्या वाद्यवृंदासाठी सभागृहात वाजणाऱ्या रचनाही करायची. नाटकवाल्यांना मी सभागृहातली वाटायची, सभागृहवाल्यांना नाटकातली. नवरा राजाचं काम करायचा. तो चिडवायचा, "तुझ्या मैफलीत राजा येना नाय, राक्षस येना नाय. लोक बघतत तरी काय?"

तो गेला आणि वेंगुर्ल्याच्या घरात मला सूर नकोसे झाले. पेटी उघडली की आतल्या खोलीतून त्याच्या खाकरण्याची वाट बघायचे. पुढे मनाचा हिय्या करून त्याच्यासाठी एक रचना केली. व्हायोलिनं, बासरी आणि शेवटी राजाच्या प्रवेशाचा पखवाज. पखवाज पार टिपेला पोचला की एकदम थांबायचा, मग नुसती शांतता. त्या शांततेत तो एकदा यावा, एवढाच माझा हट्ट होता. बाकी कुणाला काही कळलं नसतं तरी चाललं असतं.

पखवाजाला भावोजी होते, कंपनीतले त्याचे आयुष्यभराचे साथीदार. तालमीत मी हात वर केला की ते मुकाट्यानं थांबत. कुडाळच्या कार्यक्रमात वाद्यवृंदाच्या संचालकांनी हात वर केला, सगळे थांबले, पण भावोजी वाजवतच राहिले. दशावतारात राजा बाहेर पडेपर्यंत पखवाज थांबत नाही. आत नट अजून मुकुट बांधत असला तरी वाजवत राहायचं. समोर माणसं बसलेली, अंगावर उजेड, त्यात तालमीतलं सगळं विसरून भावोजींची नजर विंगेला चिकटली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्या रांगेतून उठून मी विंगेत गेले, खुणा केल्या, त्या त्यांना दिसल्याच नाहीत. शेवटी तरातरा रंगमंचावर निघाले. मी बाहेर पाऊल टाकलं तशी त्यांनी शेवटची थाप मारली आणि मान लववली. लोकांना ते बसवलेलंच वाटलं. टाळ्या पडल्या.

आत गेल्यावर मी नको नको ते बोलले. भावोजींनी सगळं ऐकून घेतलं.

"राजा इल्याशिवाय हात थांबवचो कसो, वयनी?" ते म्हणाले. "तुमी इलास, म्हणून थांबलो."

पुढच्या वेळी कार्यक्रम पुण्यात होता. भावोजींचे गुडघे धरले होते, म्हणून तिथलाच एक तयारीचा पखवाजवादक घेतला. संचालकांचा हात वर गेला आणि तो अचूक थांबला. शांतता मी योजली होती तशीच पडली. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

तो आला नाही. मी विंगेकडे बघत बसले. उठून रंगमंचावर जावंसं फार वाटलं, पण तिथे आता कुणी कुणाची वाट बघत नव्हतं.