मिशीचं गाणं

एखाद्या सिनेमाची सहाच्या सहा गाणी चांगली निघाली की समजून जावं, बाकीच्यावर कुणी डोकं चालवलेलं नाही. पण हे शहाणपण आम्हाला उशिरा आलं. नव्वदीच्या मधल्या वर्षांत आमच्या डिंगोऱ्यात आधी कॅसेट यायची आणि सिनेमा यायला चार-पाच वर्षं लागायची. तोवर आम्ही ती गाणी आमच्या सोयीनं कामाला लावलेली असायची. ज्या सिनेमाची ही गोष्ट, त्याच्या कॅसेटमधलं पहिलं गाणं जरा देवाधर्माचं वाटायचं, म्हणून ते सकाळी देवळाच्या कर्ण्यावर लागायचं. दुसऱ्यावर शाळेतल्या पोरींनी गॅदरिंगला नाच बसवला. आणि दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं पाठवणीचं होतं.

ते गाणं फार म्हणजे फारच सुंदर होतं. बाप लेकीला निरोप देतोय आणि शेवटच्या कडव्यात गाणाऱ्याचा आवाज जरासा अडकतो. कुठल्याही लग्नात नवरी निघाली की स्पीकरवाला न विचारता तेच लावायचा. मग जिचं नवरीच्या घराशी बांधावरून भांडण असायचं तीसुद्धा पदर डोळ्याला लावायची.

आमच्याकडे पाठवणीला रडण्याची रीतसर हजेरी घेतात. जीप नजरेआड झाली की मागं बायकांचा निकाल लागतो: कोण किती रडलं, कोण नुसतं नाक ओढत होतं. जी रडली नाही तिच्याबद्दल, "बयेला लईच घाई झाली व्हती." मला माझ्या रडण्याची काळजी नव्हती. आठवीपासून मी आरशासमोर ते गाणं लावून तयारी केली होती. मला काळजी होती ती अण्णांची.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना कुणी रडताना पाहिलेलं नव्हतं. आजी गेली तेव्हा सगळं घर ऊर बडवत होतं आणि हे सरपण ओलं आहे की वाळलेलं ते बघत होते. दुसऱ्यांच्या लग्नात ते गाणं सुरू झालं की हे उठून वऱ्हाडाच्या टेम्पोची हवा बघायला जायचे. टेम्पो यांचा नाही, चालवणार हे नाहीत, पण चाकाला लाथ मारून हवा बघायचीच. आई म्हणायची, "दगूड हाय नुसता."

माझं लग्न बोरी बुद्रुकला ठरलं, तारीख वैशाखातली. मला साडीचं, दागिन्यांचं काही वाटत नव्हतं. मला एकच हवं होतं: त्या गाण्यावर अण्णांनी रडावं. माझ्यासाठी, चारचौघांत, सगळ्यांना दिसेल असं. दुसऱ्या कशानं हा माणूस पाझरणार नाही याची मला खात्री होती. म्हणून स्पीकरवाल्याला मी आधीच बजावून ठेवलं होतं, की ऐन वेळी टेप अडकता कामा नये.

आणि चैत्रात आमच्या यात्रेला तंबूत तो सिनेमा आला.

सगळं गाव गेलं. अण्णा तेवढे घरी राहिले, "मला न्हाई त्यातलं काय कळत," म्हणून. सिनेमा इतका भिकार होता की इंटरव्हलपर्यंत निम्मा तंबू शेंगा सोलत गप्पा मारत बसला होता. तरी आम्ही पाठवणीच्या गाण्याची वाट बघत थांबलो. ते आलं. नवरी घुंगट घेऊन निघाली, तिचा बाप म्हणजे डाकूंचा सरदार ढसाढसा रडायला लागला, आणि नवरीचा पदर ढळला. आत विनोदी नट! चांगल्या झुपकेदार मिशा असलेला, साडी नेसून सरदाराच्या तावडीतून पळणारा. आणि गाणं आपलं चालूच, अगदी अडकणाऱ्या आवाजासकट. शेवटी एक बोकड येऊन नवरीचा हार खातो आणि सरदार बेशुद्ध पडतो.

मग माझी चुलती उभी राहिली. तिची लेक आदल्या वर्षी याच गाण्यावर नांदायला गेली होती. ती पडद्याकडं हात करून ओरडली, "आरं मुडद्यांनो! माझी पोर या बाप्याच्या गाण्यावर लावून दिली व्हय रं!" त्यानंतर जो हशा झाला तो काही केल्या थांबेना. पलीकडच्या रांगेतल्या दोन-तीन लेकुरवाळ्या मात्र हसत नव्हत्या. त्यांच्याही पाठवणीला तेच वाजलं होतं.

घरी येऊन मी चुलीपुढं थयथयाट केला. अण्णा जेवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मिशी खरी व्हती का चिकटावलेली?"

"खरी!" मी म्हणाले.

"आन् गाणं सगळंच्या सगळं हाय?"

मी ताडकन उठून आत निघून गेले.

पुढच्याच लग्नात स्पीकरवाल्यानं सवयीनं ते गाणं लावलं. नवरीनं आईच्या गळ्यात हात टाकले आणि मागून कुणीतरी ओठावर मिशी पिळली. अख्खा मांडव खदखदला. नवरीची आईसुद्धा. मग जाणत्यांनी ठरवून टाकलं की हे गाणं आता बंद, पाठवणीला सनई वाजवायची. माझं एवढ्या वर्षांचं नियोजन एका बोकडानं खाल्लं.

त्या चैत्रात अण्णांना मात्र अचानक यात्रांचा नाद लागला. आळ्याच्या यात्रेला गेले, "पावण्यांनी लई आग्रेव केला," म्हणाले. मग बोरीलाही गेले, "व्याह्यांकडं जायाला पायजे," म्हणाले. एरवी जवळच्या नात्यातल्या बारशाला न जाणारा माणूस. लेकीच्या लग्नाची कामं पडलीत आणि यांना रेवड्या सुचताहेत म्हणून आई कावली होती.

लग्न झालं. पाठवणीला सनई लागली. त्या सनईवर कुणाला रडू येणार? ती तर नुसती जेवणाच्या पंगतीची वाटत होती. मी कसेबसे दोन थेंब काढले. आई, मावशी, सगळ्या भेटून झाल्या. अण्णा जीपच्या चाकाजवळ उभे होते. वाटलं, आता लाथ मारून हवा बघणार. तेवढ्यात ते तरातरा स्पीकरवाल्याकडं गेले.

"ते लाव."

"कोन्तं, अण्णा?"

"मिशीचं."

स्पीकरवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं, आणि लावलं. पहिल्या ओळीलाच मांडव फुटला. माझ्या सासूबाई पदरात तोंड घालून हसत होत्या. नवरदेव खाली बघून खांदे हलवत होते. आणि सगळ्यात मोठ्यांदा हसत होते अण्णा. बाकीच्यांचं थांबलं तरी यांचं चालूच. आमच्याकडं पाठ करून, गळ्यातल्या उपरण्यानं डोळे पुसत, वाकून वाकून हसत होते. शेवटच्या कडव्यापर्यंत. मग तोंड दुसरीकडं ठेवूनच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला, निघा आता."

मला इतका राग आला होता की रडण्याचं राहूनच गेलं. मागं गावात निकाल लागला तो असा: पोरीला घाई झाली होती, आणि बाप हसून हसून रडला.

मांडवपरतणीला माहेरी आले तेव्हा मी पहिली अण्णांना गाठायला रानात गेले. ते टोमॅटोची झाडं सुतळीनं बांधत होते. मी बांधावरूनच सुरू केलं. "माझ्या पाठवणीची चेष्टा केलीत. चांगली सनई चालली होती. तुम्हाला काय गरज होती?"

ते बांधत राहिले. एक सरी संपली तेव्हा म्हणाले, "सनईवर तू रडंना. म्हनलं, पोरगी एवढ्या दिसाची त्या गाण्यासाठी बसली हाय."

"मग हसलात कशाला?"

त्यांनी सुतळी दातानं तोडली. "ते गाणं म्हंजे लई वंगाळ. दुसऱ्याच्या लग्नात लागलं तरी मला तुझीच जीप दिसायची. मग तू म्हनली, त्यात मिशीवाला हाय. म्हनलं, झ्याक झालं, एकदा बघून आलं की गाणं लागल्यावर तोच दिसंल. तंबू आळ्याला गेला व्हता, तिथं जाऊन बघितला. तरी भागंना. मग बोरीला जाऊन परत बघितला. लई भिकार पिच्चर हाय गं, बसवत न्हाई."

मी बांधावर बसले. त्यांनी पुढची सरी धरली.

"मग त्या दिवशी दिसला का मिशीवाला?" मी विचारलं.

"कुठला दिसतोय," अण्णा म्हणाले, आणि उपरणं हुडकायला लागले. ते झाडाला टांगलेलं होतं. मी उठून आणून दिलं.