उषाताईने कानांनी तपासलेला मसुदा

त्या मंगळवारी चिखलीच्या स्टँडवर मी बुलढाण्याच्या गाडीची वाट पाहत उभा होतो, तेवढ्यात फोन वाजला. रश्मीचा होता, उषाताईच्या मुलीचा. "मामा, या तुम्ही... पण आता घाई नका करू. आई सकाळीच गेली," एवढंच ती म्हणाली. ताईला वाचून दाखवायची पानं माझ्या पिशवीत होती. गाडीत बसल्यावर ती काढून मांडीवर घेतली आणि बुलढाण्यापर्यंत तशीच धरून बसलो.

उषाताई माझी चुलत बहीण, सहा वर्षांनी मोठी. ती तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, मी शाळेत मराठी. निवृत्त झाल्यावर तिने रोहिणखेडच्या शेतातल्या विहिरीवर पाण्याची पातळी कळवणारं एक छोटं यंत्र बसवलं. त्याची बॅटरी सारखी उतरायची. का, ते शोधता शोधता तिच्या लक्षात आलं की यंत्राचा निरोप दोन आकड्यांचा, पण त्यावर चढवलेला पत्ता, म्हणजे हेडर, निरोपाच्या कितीतरी पट मोठा. तो पत्ता आवळून पाठवण्याचं एक आंतरराष्ट्रीय मानक तेव्हा घडत होतं. दोन्ही टोकांना नियमांची सारखीच वही ठेवायची आणि पूर्ण पत्त्याऐवजी नुसता नियमाचा क्रमांक धाडायचा, अशी ती युक्ती. त्या वहीत कोणते रकाने असावेत आणि कशात काय लिहावं हे ठरवणारा मसुदा, त्याला ते डेटा मॉडेल म्हणतात, कुणीही वाचून अभिप्राय द्यावा म्हणून खुला होता. ताईने तो वाचायला घेतला. कुणी तिला सांगितलं नव्हतं.

पण तोवर मधुमेहाने तिचे डोळे निकामी होत आले होते. एके दिवशी गेलो, तर ती रश्मीला मसुदा लिहिणाऱ्यांना धाडायच्या पत्राचा मजकूर सांगत होती... यापुढे मला हे काम जमणार नाही. तिचा तो सपाट आवाज ऐकवेना. मी म्हणालो, "ताई, मी वाचून दाखवतो." ती हसली. "तुले त्यातलं काय समजन बे?"

खरंच काही समजत नव्हतं. आठवड्यातून दोनदा दुपारी जायचो आणि अडखळत ते इंग्रजी वाचायचो.

"काऊन थांबला?"

"मले काही समजून नाही राह्यलं, ताई."

"तुले समजाची गरजच नाही. जसं आहे तसं वाच, कॉमासगट. ज्याले समजते ना, तो चूक मनातच दुरुस्त करून वाचते, अन् कागदावर ती तशीच राह्यते."

आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो, शब्दाला अडू नका, अर्थ धरा. आणि इथे मला उलटं शिकावं लागत होतं. एकदा कंटाळून अर्धं पान गाळलं. ती शांतपणे म्हणाली, "दिनू, सातव्या मुद्द्यानंतर नववा आला." त्यानंतर मी एक स्वल्पविरामही सोडला नाही.

चूक सापडली ती अशाच एका दुपारी. मी एक उदाहरण वाचत होतो आणि तिने हात वर केला. "थांब. मांगं जा. तिथं लांबी कशात मोजा म्हटलं होतं? बिटमधी का बाइटमधी?" मागे बिट होतं, इथे बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट, एवढं तिनेच मला शिकवलं होतं. तिने तसं कळवलं. मसुदा लिहिणाऱ्यांपैकी एकाचं सभ्य उत्तर आलं, की जाणकाराला ते संदर्भावरून कळेल.

"जाणकाराले कळीन. पण वही यंत्र वाचते, त्याले संदर्भ कुठून येईन?" ती चिडली नव्हती. तिने मला चौकटीची वही आणायला लावली. तीन दुपारी ती शून्य-एक, शून्य-एक सांगत गेली आणि मी एकेका चौकटीत भरत गेलो. एका टोकाने लांबी बिटमध्ये धरली, दुसऱ्याने बाइटमध्ये, की पुढचा सगळा निरोप जागचा सरकत होता. तिच्या उदाहरणात भरलेली विहीर पलीकडे कोरडी दिसली. तो नमुना पाठवल्यावर मात्र आठवड्याभरात उत्तर आलं, तुमचं बरोबर आहे. वाक्य बदललं.

मसुद्याच्या पुढच्या प्रतीत आभारांच्या यादीत तिचं नाव छापलं गेलं, पण चुकीच्या स्पेलिंगने. मी तावातावाने पत्र लिहायला बसलो. तिने कागद बाजूला सारला. "राहू दे. चुकलेलं नाव चालते मले. चुकलेली लांबी चालली नसती."

तेरावं झाल्यावर रश्मी आणि मी तिची खोली आवरत होतो. कपाटात जुन्या मसुद्यांच्या प्रती निघाल्या. प्रत्येक पानाच्या तळाशी तिने पेन्सिलने 'वाचलं' असं लिहिलेलं. सुरुवातीची अक्षरं मुंगीएवढी, मग मोठी होत गेलेली, मग ओळ सोडून वाकडी उतरलेली. काही पानांवर तर तो एक शब्द अर्धा समास व्यापून होता. नंतर अक्षर बदलतं. तिने सांगायचं आणि मी लिहायचं, म्हणून पुढचं सगळं माझ्या हातचं...

शेवटच्या मसुद्याची सव्वीस पानं माझ्या पिशवीतच होती. त्यांच्या तळाशी काही लिहिलं नाही. तशीच त्या गठ्ठ्यावर ठेवली आणि कपाट लावून घेतलं.