बाबांनी नाकारलेली लस

बाबांच्या शुगरच्या तपासणीला गेलो होतो, तेव्हा डॉक्टरांनी लशीचं नाव काढलं. अंगावर नागीण उठते ना, तिची लस. पन्नाशीनंतर घ्यावी, तुमचे वडील तर सत्तरी ओलांडलेले, औषधवाल्याला सांगून आधी मागवावी लागेल. "बघतो," मी म्हणालो. बघण्यासारखं काही नव्हतंच, एक फोन करायचा होता.

तो फोन मी पावसाळाभर केला नाही. बाबा दर रविवारी आंघोळ करून, सुई टोचायला सोपा म्हणून अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून ओसरीत बसायचे. स्टील प्लांटजवळच्या कॅम्प-१ वस्तीतल्या आमच्या घराची ओसरी म्हणजे दारापुढची चार फूट जागा, त्यामुळे ते दिसायचेच. एकदा त्यांनी विचारलं, तर मी खेकसलो, "तुमाले काम नाही बाबा, मले आहे! लस काही पळून नाही चालली." माझ्या रागाचं एक बरं आहे, अंगावरचं काम टाळायला तो फार उपयोगी पडतो.

दिवाळीनंतर नागीण उठली, छातीपासून पार पाठीपर्यंत. फोड सुकले, कळा मात्र राहिल्या. कापडाचा स्पर्शही सहन होईना. ऐन थंडीत माझा बाप उघडा बसायचा.

दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इन्हें टीका क्यों नहीं लगवाया?" नजर माझ्यावर. मी फाइलीतले कागद चाळू लागलो. बाबाच बोलले, "हमीं ने मना किया मैडम. सुई से डर लगता है." बाईंनी कागदावर तसं लिहून टाकलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कावून खोटं बोलले बाबा?"

"तुले चार लोकाईसमोर बोलणी खाऊ देऊ काय?" एवढं म्हणून ते रिक्षात बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज आज जास्त आहे.

पुढच्या आठवड्यात प्लांटमधले त्यांचे जुने सोबती भेटायला आले. बाबांनी त्यांनाही तेच सांगितलं, "मी भेलो. तुमी भेऊ नका, टोचून घ्या." सगळे खो खो हसले. तीस वर्षं कोक ओव्हनच्या भट्टीच्या धगीत उभा राहिलेला गडी, आणि सुईला भ्याला! बाबाही हसले, डोळे मिटून, कारण हसताना बरगड्यांत कळ यायची. मी चहाचा ट्रे धरून तिथेच उभा होतो. मीही हसलो.