पास का, साहेब?

वाचताना तो उजव्या हाताचा अंगठा ओळीखाली दाबून धरायचा, सोडला तर ओळ पळून जाईल असा. ओळ संपली की मान वर करायचा आणि विचारायचा, "पास का, साहेब?"

हा प्रश्न त्याने कारखान्यातून आणला होता. तारापूरच्या वसाहतीत कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं बनवणारी आमची कंपनी. तो रिॲक्टरवर ऑपरेटर, मी लॅबमध्ये केमिस्ट. बॅचचा एक टप्पा झाला की ऑपरेटरने बाटलीत सॅम्पल आणायचं, मी तपासायचं, आणि मी 'पास' म्हटल्याशिवाय पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, असा नियम. बाकीचे ऑपरेटर बाटली ठेवून चहाला जायचे. हा दाराशी उभा राहायचा. मी म्हणायचो, "अरे, वेळ लागेल, बस की." तो म्हणायचा, "बसलो तर मन पुढं जातं, साहेब."

गेल्या महिन्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीची स्मरणिका छापून आली. सुरुवातीच्या सभासदांच्या पानावर त्याच्या नावापुढे एकच ओळ आहे: 'पुढे विश्वासात मागे पडले.' स्मरणिकेचं काम पाहणाऱ्या शिक्षिकेला मी फोन केला. ती म्हणाली, "अंकल, छापून झालंय हो. आणि मला जसं सांगितलं तसंच लिहिलंय मी." तिचं खरं आहे. तिला सांगणाऱ्यांत मी नव्हतो. इतकी वर्षं गप्प बसणाऱ्यांत मात्र होतो. म्हणून हे लिहितो आहे. याने स्मरणिका बदलणार नाही, हे मला माहीत आहे.

तो मूळचा मासवणकडचा. डोंगराच्या पायथ्याशी थोडी जमीन, पावसावरची. ती थोरला भाऊ कसायचा. हा नोकरीसाठी सरावलीला एका चाळीत खोली घेऊन राहिला. त्याच चाळीत आमची रविवारची प्रार्थनेची बैठक भरायची. आधी तो नुसता दाराबाहेर उभा राहून गाणी ऐकायचा. मग उंबऱ्यात बसू लागला. वर्षभराने त्याने बाप्तिस्मा घेतला, तरी जागा बदलली नाही. चपलांच्या शेजारीच बसायचा.

मी नगरकडचा. आजोबांनी विश्वास धरला, तो मला त्यांच्या घड्याळासारखा आयता मिळाला. आई की देव, असं मला कधी निवडावं लागलं नाही. त्याला लागलं, आणि फार लवकर लागलं. बाप्तिस्म्यानंतर थोड्याच महिन्यांत त्याची आई गेली. गावी तिचे दिवस करायचे होते. तो बैठकीत विचारायला आला. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, "घरी जा, पण पूजेला बसू नकोस, आणि त्या जेवणाला हात लावू नकोस." मी शेजारीच होतो, हातात पाण्याचा पेला होता. मी पाणी प्यालो.

तो गेला, घरात उभा राहिला, बसला नाही आणि जेवला नाही. भावाने पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलं, "आईचा घास नाय चालत ना, त्याला आता माझ्या घरचं पानी पन नको." हे मला त्याने पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

तेव्हा तो पवित्र शास्त्र, बायबल, वाचायचा ते धाडधाड, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं. अक्षरओळख चौथीपर्यंतची, पण आवाज खणखणीत. एकदा मी गमतीने म्हणालो, "अरे बाबा, ही बॅच आहे. एक टप्पा आत झाल्याशिवाय पुढचा व्हॉल्व्ह उघडतोस कशाला?" एवढंच. मी हसत बोललो होतो. त्याने ते धरून ठेवलं.

त्या दिवसापासून तो एक वाक्य वाचायचा आणि थांबायचा. ते वाक्य अंगात उतरलं असं वाटल्यावर मला विचारायचा, मग पुढे. कँटीनमध्ये बिहारकडची हेल्पर मंडळी त्याला पंडितजी म्हणायची.

"क्या पंडितजी, आज कौन सा पन्ना?"

"वही."

"वही? परसों भी वही था."

"परसों भी हुआ नहीं था."

दोन अंगरखे असतील तर एक द्यावा, अशा अर्थाच्या ओळीपाशी तो पोचला तेव्हा पावसाळा होता. दुसऱ्या दिवशी निथळत कामावर आला. कंपनीचा रेनकोट गेटबाहेरच्या एका म्हाताऱ्याला दिलेला. सिक्युरिटीवाल्याने त्याला झापलं, स्टोअरवाल्याने झापलं. अंगातून पाणी गळत असताना माझ्या दाराशी येऊन म्हणाला, "दुसरा नव्हता माझ्याकडं, साहेब. एकच व्हता. तरी पास का?" मी हसून पास म्हटलं.

काय खावं याची चिंता करू नका, या मजकुरावर तर तो महिनोन्‌महिने अडकला. रोज सकाळी तोंड पाडून यायचा. "नाय झाला, साहेब. काल गॅस संपला, चिंता केली." शेवटी त्याची बायको लॅबच्या गेटपर्यंत आली. "साहेब, तेवढं ते पान पलटायला लावा हो. चिंता नाय करायची म्हणून हे ओव्हरटाइमलाच जाईनात." मी त्याला बोलावून सांगितलं, "चिंता नको म्हटलंय, काम नको नाही म्हटलं." तो विचार करून म्हणाला, "हां, हे वेगळं हाय." आणि पान पलटलं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना आपण थट्टेत काही बोलतो आणि ती ते घर बांधायला घेतात.

असं एक शुभवर्तमान, येशूच्या चरित्राचं एक पुस्तक, त्याने पुरं केलं. त्यात त्याच्या तोंडातला शिव्यांचा पट्टा गेला आणि तंबाखू गेली. शेजाऱ्याशी नळावरून चाललेलं भांडण गेलं. मग त्याने आणखी एक शुभवर्तमान उघडलं, आणि पाचव्या अध्यायात तो थांबला.

तिथे काय आहे ते थोडक्यात सांगतो. तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाचं मन तुझ्याविषयी दुखलेलं आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाकडे जा. आम्ही सगळ्यांनी ते शेकडो वेळा वाचलेलं होतं.

महिन्यातून एकदा पालघरहून पाळकसाहेब येऊन प्रभुभोजन द्यायचे, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला घोट. त्या रविवारी भाकरीचं ताट त्याच्यापाशी आलं. त्याने दोन्ही हातांनी धरलं, भरलेली बाटली देतात तसं सांभाळून, आणि पुढच्या माणसाला दिलं. घेतलं नाही. प्याला आला, तोही पुढे दिला. पुढच्या महिन्यात तसंच, आणि त्याच्या पुढच्याही.

लोक बोलायला लागले. बाहेर काही भानगड असेल. प्यायला लागला असेल. गावच्या देवाला गेला असेल. मला खरं कारण ठाऊक होतं, पण त्याने मला बजावलं होतं, "भावाचं नाव निघायला नको, साहेब. त्याला वाईट म्हनतील. त्याचं काय चुकलं?"

तो मासवणला गेला. पहिल्यांदा भाऊ शेतावरून आलाच नाही. दुसऱ्यांदा वहिनीने दारातूनच परत लावलं. तिसऱ्यांदा गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी लॅबच्या पायरीवर येऊन बसला. तो बसला, म्हणून मला भीती वाटली.

"भेटला का?"

"भेटला. बस म्हनला. चा दिला."

"मग मिटलं की."

"नाय. म्हनला, आईच्या नावानं नारळ वाढव, दोन घास जेव, मग तू माझा भाऊ. मी म्हनलं, दुसरं काय पन सांग, पाया पडतो तुझ्या. मग त्यानं कप उचलून नेला. अर्धा व्हता अजून." त्याने मान वर केली. "जाऊन तर आलो. पास का, साहेब?"

पास म्हणावं, तर भाऊ अजून दुखावलेलाच होता. नापास म्हणावं, तर त्याने आणखी काय करायचं होतं? आणि नारळ वाढव असं सांगायची माझी छाती नव्हती. लॅबमध्ये निकाल स्पष्ट येत नाही तेव्हा आम्ही म्हणतो, दुसरं सॅम्पल आणा. त्याने कोणाचंच काही अडत नाही. मी म्हणालो, "आणखी एकदा जाऊन ये."

तो जात राहिला. पालघरहून मनोरची एसटी धरायची, मासवणला उतरायचं, भावाच्या अंगणात उभं राहायचं, परत यायचं. मी निवृत्त झालो, मग तोही झाला. बैठक चाळीतून हॉलमध्ये गेली. तिथेही तो चपलांपाशी. ताट यायचं, तो पुढे द्यायचा. नव्या लोकांना वाटायचं, हा ताट फिरवायच्या कामावर आहे.

मग पोटाचं दुखणं निघालं, फार उशिरा. बोईसरच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा हाडं उरली होती. उशाशी पुस्तक तेच आणि पान तेच. अंगठ्याच्या घामाने त्या ओळीची शाई पुसट झालेली. बायको म्हणाली, "आता तरी यांना प्रभुभोजन घेऊ द्या, साहेब. तुमचं ऐकतात."

मी खाटेवर वाकलो. "ऐक, पास. मी सांगतो ना, पास आहे. पाळकसाहेबांना उद्या बोलावतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, थोडं हसू होतं. मग म्हणाला, "साहेब, सॅम्पल न बघता पास म्हनू नका."

पाळकसाहेब येईपर्यंत तो गेला होता.

दफनाला माणसं बेताचीच होती. प्रार्थना चालू असताना मला फाटकाबाहेर एक म्हातारा दिसला. तोच चेहरा, अजून वाळलेला. आत येत नव्हता. माती टाकून झाल्यावर मी एकटाच बाहेर गेलो.

"तुमी लॅबवाले साहेब का?" त्याने विचारलं. "तो सांगायचा तुमचं. अंगनात उभा राहून एकटाच बोलायचा. मी आतून ऐकायचो."

त्याच्या हातात फडक्यात काही बांधलेलं होतं. त्याने गाठ सोडली. नागलीची भाकर, तिच्यावर लसणाची चटणी. "लय आजारी हाय कळलं, तवा घेऊन निघालो. नारळ नको, काय नको, म्हनलं, नुसता घास खा. एसटीतनं उतरलो तर हे कळलं." तो भाकरीकडे पाहत राहिला. "आता हिचं काय करू?"

त्याने भाकर मोडली आणि अर्धी माझ्यापुढे धरली.

मागे फाटक वाजलं. मंडळीतले लोक बाहेर येत होते. काठी टेकत पुढे होते ते तेच वडीलधारे, ज्यांनी त्या जेवणाला हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. पाहिलं एवढंच.

परत वळलो तर त्याने दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून फडक्याची गाठ मारायला घेतली होती. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तुमच्यात चालत नसंल." आणि रस्ता ओलांडून एसटीच्या थांब्याकडे निघाला, फडकं छातीशी धरून.

तेव्हा कुठे मी हात पुढे केला. त्याची पाठ होती माझ्याकडे.