सोनूबाईचा डबा

नलिनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर रेंज शोधत उभा होतो. पहिला विचार काय आला सांगू? आता आमचा अहवाल बुडाला! माणूस गेल्याचं दुःख त्याच्या मागून आलं, पण आलं ते अजून हललेलं नाही.

मी वांगणीजवळच्या एका पाड्यावर शिक्षक आहे. पोरं थोडी, म्हणून आमची शाळा बंद करून त्यांना लांबच्या शाळेत घालायचं वारं अधूनमधून सुटतं. पावसाळ्यात ओढा भरला की तिकडची वाटच बंद होते, पण हे कागदावर कुठं दिसतं! अशात पुण्याहून नलिनीताई सरकारी निधीवर संशोधन करायला आल्या. घरी वेगळी बोली बोलणारी पोरं शाळेत गप्प का बसतात, हा विषय. मी म्हटलं, झालं! सरकारच्या पैशानं सरकारला हवं तेच निघणार. 'मुलं शिकत नाहीत' एवढं लिहिलं की टाळं ठोकायला हे मोकळे. ताई पोरांत सतरंजीवर बसायच्या, त्यांची बोली मोडकीतोडकी बोलायच्या, पोरं खदखदून हसायची... मला ते सगळं नाटक वाटायचं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सोनूबाईची तऱ्हा वेगळी. ताई निघाल्या तेव्हा तिनं स्टीलचा डबा नाचणीच्या पिठानं भरून दिला आणि बजावलं, "बाई, भांडा रिकामा आणायचा नाय. आमच्या पोरांचा सगळा लिवून घेऊन चाललीस, काय गावला तां सांगायला ये." इकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, मूठभर तांदूळ, नाहीतर दोन मिरच्या तरी घालतातच.

अहवाल लिहून झाल्यावर ताई परत आल्या. डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. अहवालात काय लिहिलंय ते त्यांनी अंगणात बसून सांगितलं : सुरुवातीची वर्षं पोरांच्या बोलीतून शिकवा, आणि पाड्यावरची शाळा बंद करू नका. मी थंडच. "वरती हे असंच राहील कशावरून?"

"म्हणून तर आधी इथं सांगतेय, गुरुजी. उद्या कुणी फिरवलं तर तुम्ही साक्षीला आहात."

सोनूबाईनं डबा पुन्हा भरला. "आता सायबाचा उत्तर आण." ताई हो म्हणाल्या.

उत्तर काही येईना. मंजुरीशिवाय अहवाल कुणाला दाखवायचा नाही, असं ताईंना वरून बजावलं होतं म्हणे. लोकांच्या पैशाचं संशोधन लोकांपासूनच झाकायचं, वा रे वा! पुढच्या निधीसाठी बाई गप्प बसल्या असतील, असं मी सोनूबाईला बोलूनही दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "डबा हाय ना तिच्याजवळ? मग येईल."

शोकसभेला पुण्याला गेलो. एका साहेबांनी भाषणात ताईंचं काम मौलिक ठरवलं. चहाच्या वेळी त्यांना गाठून अहवालाचं विचारलं. "प्रक्रियेत आहे," म्हणाले, आणि बिस्कीट बुडवत राहिले.

मग ताईंचा भाऊ डबा घेऊन पाड्यावर आला. सोनूबाईनं झाकण काढलं. डबा घासूनपुसून लख्ख, आत काही नाही. मी मनात म्हटलं, बघा!

भाऊ अवघडला. "घरचे म्हणत होते काहीतरी घालून द्या. पण ताईनं दवाखान्यात बजावलं होतं... उत्तर मिळालं नाही, तर रिकामाच द्या. दुसरं काही घालून त्यांना फसवू नका."

सोनूबाई रडली. मीही रडलो. डबा तिनं घरी नेला नाही. तो माझ्या टेबलावर आहे, झाकण काढलेला. परवा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "गुरुजी, हा रिकामा डबा इथं कशाला?"

म्हटलं, "तुमच्याकडून भरून यायचा राहिलाय, साहेब."