साफ केलेला फोटो

आमच्या जरीपटका वस्तीतला फोटोवाला माणसाले पाहत नाही, फोटोतच पाहते. हनुवटीले बोट लावून म्हणते, "मान वर काकाजी. हां, आता सायेब दिसता."

बायको गेली, तर तिचा फोटो मोठा करायले त्याच्याचकडे गेलो. तिचा एकच फोटो होता, त्याच्या कम्प्युटरात. तयार झालेली फ्रेम पाहून मी हादरलोच. कोणी गोरी बाई! गालावरचं गोंदण गायब.

"डाग होता, साफ करून टाकला," तो खुशीत बोलला.

"डाग नाही गा, गोंदण होतं तिचं!"

त्याचा चेहरा उतरला. "चुकलो काकाजी. जुना फोटो तर आता राहिला नाही. गोंदण परत काढून देतो." त्यानं माऊस धरला. "कोणत्या गालावर होतं?"

चाळीस वर्षं संसार केला. मले सांगता नाही आलं.